एक कप्पा फुटला तर?

उजनी, जायकवाडी किंवा राज्यातल्या अनेक लहानमोठ्या धरणांच्या काठावर पहाटे उभे राहिले की पाण्यावर काळी वर्तुळे हलताना दिसतात. ती ट्रकची किंवा ट्रॅक्टरची जुनी ट्यूब असते. तिच्यावर फळी किंवा गोणपाट बांधून एक माणूस बसलेला असतो, त्याचे पाय पाण्यात असतात, मांडीवर जाळे असते आणि हातात वल्ह्यासारखा पत्र्याचा किंवा लाकडाचा तुकडा. काही ठिकाणी ट्यूबऐवजी गोणीत शिवलेले थर्माकोल असते. आपण बाजारात जी चिलापी, कटला, रोहू किंवा मरळ विकत घेतो, तिच्यातला काही वाटा अशा साधनावर बसून पकडलेला असतो. या माणसाला नाव मिळाली पाहिजे, याबद्दल कुणाचे दुमत नसावे. प्रश्न कोणती नाव हा आहे. माझे म्हणणे असे, की एकट्याने मासेमारी करणाऱ्या धरणावरच्या मच्छीमारासाठी दोन फुगीर पाँटूनांची (म्हणजे हवा भरलेल्या लांब नळ्यांची), मध्ये सांगाडा असलेली, घडी करून नेता येणारी नाव हा आज सर्वांत योग्य पर्याय आहे. ती निवडताना किंमत, रंग किंवा लांबी यांच्याही आधी एकच प्रश्न विचारला पाहिजे: एक कप्पा फुटला तर काय होईल? बाकीचे सगळे निकष या प्रश्नातून आपोआप निघतात.

ट्यूबवर टीका करण्याआधी ती का टिकून आहे, हे समजून घ्यायला हवे. मच्छीमार ती अज्ञानाने वापरत नाही, हिशेबाने वापरतो. धरणाचा काठ एका जागी राहत नाही. उजनीची साठवणक्षमता सुमारे ११७ टीएमसी आहे. पावसाळ्याअखेर ती भरली की पाणी गावांच्या उंबऱ्याशी येते आणि उन्हाळ्यात तेच पाणी कोसभर मागे सरते. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा साठा मृतसाठ्यात उतरून उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेला होता. ज्या काठावर जानेवारीत नाव बांधली, तिथे मे महिन्यात भेगाळलेला गाळ असतो. लाकडी किंवा फायबरची जड होडी या सरकत्या पाण्यामागे ओढत नेणे एकट्या माणसाला जमत नाही. ट्यूब मात्र खांद्यावर टाकता येते, मोटरसायकलच्या मागे बांधता येते, रात्री घरात ठेवता येते आणि चोरीला गेली तरी कंबरडे मोडत नाही. हलकी, स्वस्त आणि सोबत फिरणारी हे ट्यूबचे तीन गुण खरे आहेत. तिच्या जागी येणाऱ्या कोणत्याही साधनाने त्यांतले निदान दोन तरी सांभाळले पाहिजेत. हे न ओळखता केलेले नाववाटप काठावर उपडे पडून राहते.

आता तिचा दोष पाहू. बाहेरून मीटरभर व्यासाच्या ट्रकच्या ट्यूबमध्ये साधारण शंभर ते दीडशे लिटर हवा मावते. एक लिटर हवा पाण्याखाली दाबली गेली की ती एक किलो वजन उचलते, म्हणजे पूर्ण बुडेपर्यंत ही ट्यूब शंभर ते दीडशे किलो पेलते. साठ-पासष्ट किलोचा माणूस, ओले जाळे, मासळीची गोणी आणि फळी धरली तर शंभराचा आकडा सहज गाठला जातो. म्हणजे सगळे ठीक असतानाही ट्यूब जवळजवळ काठोकाठ भरलेली असते. त्यात ती संपूर्ण हवा एकाच पोकळीत असते. बाभळीच्या बुंध्याचा काटा, गंजलेली तार, गळाचे टोक किंवा जुना उखडलेला जोड यांपैकी काहीही झाले, तरी जाते ती सगळी हवा. मधल्या अवस्था नाहीतच. शिवाय गोल ट्यूबला पुढची-मागची बाजू नसते, त्यामुळे वल्हे मारले की ती स्वतःभोवती फिरते आणि वारा सुटला की हव्या त्या काठाला लागणे माणसाच्या हातात राहत नाही. पाय पाण्यात लोंबकळत असल्याने बुडालेल्या झुडपांत आणि स्वतःच्याच जाळ्यात ते अडकण्याचा धोका असतो. उजनीसारख्या जलाशयात तर मुळा-मुठेतून पुणे आणि परिसराचे सांडपाणी भीमेवाटे येते. अशा पाण्यात रोज सहा-सहा तास कमरेपर्यंत भिजून बसणे हा रोजगाराचा भाग म्हणून आपण कसा काय मान्य केला?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या भाषेत फार पूर्वीपासून आहे. ‘सांगड घालणे’ हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो, पण सांगड ही मुळात पाण्यावरची वस्तू होती. दोन होड्या शेजारी-शेजारी ठेवून आडव्या काठ्यांनी जखडल्या किंवा सुके भोपळे एकत्र बांधले, की त्याला सांगड म्हणत. संतवाङ्मयातही ती तरून जाण्याचे साधन म्हणून भेटते. पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्या पिढ्या महाराष्ट्राला नव्या नाहीत. बंदिस्त हवा माणसाला तारते, ही समज जगभर जुनी आहे. असिरियाच्या शिल्पपटांत फुगवलेल्या कातड्यावर नदी पार करणारे सैनिक कोरलेले आहेत आणि हिमालयातल्या सतलज-बियासच्या खोऱ्यांत जनावराचे अख्खे कातडे फुगवून त्यावर माणसे नदी ओलांडत असत. सांगडीने या समजेत मोलाची भर घातली: तरंगणाऱ्या दोन वस्तू एकमेकींपासून अंतरावर ठेवा आणि मधोमध माणूस बसवा. दोन पाय जवळ ठेवून उभा राहिलेला माणूस धक्क्याने पडतो, फाकवून उभा राहिलेला पडत नाही, तसेच हे आहे. आजची दोन पाँटूनांची नाव म्हणजे भोपळ्यांच्या जागी मजबूत कापडाच्या हवाबंद नळ्या आणि काठ्यांच्या जागी धातूचा सांगाडा असलेली सांगडच होय.

विशेष म्हणजे ही आधुनिक सांगड ज्या वाटेने आली, ती वाट आपल्या मच्छीमाराच्या ट्यूबपासूनच सुरू होते. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्याला गळाने मासे धरणारे लोक ट्रकच्याच ट्यूबला कापडी झोळी शिवून तिच्यात बसत. पाय पाण्यात, वाऱ्यावर भरकटणे, एकच पोकळी ही तिथलीही रड होती. मग गोल ट्यूबचा एक भाग उघडून ती नालेच्या आकाराची झाली, पुढे टोकदार झाली आणि शतकाच्या अखेरच्या दशकांत तिचे दोन स्वतंत्र पाँटून होऊन मध्ये बैठक, वल्ही आणि पाय टेकायला जागा आली. दुसरीकडे मोठ्या नद्यांवर हेच तत्त्व वेगळ्या मार्गाने पोचले. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने मोडीत काढलेले पुलाचे फुगीर पाँटून एकमेकांना बांधून जॉर्जी व्हाइट या महिलेने १९५० च्या दशकात ग्रँड कॅन्यनमधून लोकांना कोलोरॅडो नदीची सफर घडवली. त्याही आधी, १८४० च्या दशकात, ब्रिटिश नौदलातील पीटर हॅल्केट याने अंगरखा म्हणून पांघरता येणारी फुगवायची नाव बनवली होती आणि जॉन रे याने तशीच नाव आर्क्टिकच्या मोहिमेत वापरली. हॅल्केटने नावेची हवा चार स्वतंत्र कप्प्यांत विभागली होती, कारण एक फुटला तरी बाकीच्यांनी माणूस तरला पाहिजे. म्हणजे जो प्रश्न मी इथे विचारतो आहे तो जवळजवळ पावणेदोनशे वर्षे जुना आहे आणि त्याचे उत्तरही तितकेच जुने आहे. ते उत्तर आपल्या धरणांच्या काठावर पोचलेले नाही, एवढेच.

आकड्यांनी हे अधिक स्पष्ट होईल. चाळीस सेंटिमीटर व्यासाची आणि अडीच मीटर लांबीची एक नळी घेतली तर तिच्यात सुमारे ३१४ लिटर हवा असते. दोन नळ्यांची मिळून ६२८ लिटर. टोके निमुळती असतात म्हणून थोडी घट धरली तरी साडेपाचशे किलोची तरंगशक्ती हाती राहते. सत्तर किलोचा माणूस, तीस-पस्तीस किलोची नाव, वीस किलो जाळे आणि चाळीस किलो मासळी मिळून भार होतो १६५ किलो. म्हणजे नाव तिच्या शक्तीच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी भार वाहते. पण इथेच खरेदीदाराची फसगत होते. नुसती एकूण शक्ती पुरेशी नसते, ती कशी वाटली आहे हे महत्त्वाचे. प्रत्येक पाँटूनमध्ये एकच पोकळी असेल आणि ती फुटली, तर उरलेल्या पाँटूनची शक्ती कागदावर भारापेक्षा जास्त दिसते, तरीही नाव एका अंगावर कलंडते आणि माणूस पाण्यात जातो. प्रत्येक पाँटूनमध्ये पुढचा आणि मागचा असे दोन कप्पे असतील, तर एक फुटल्यावर तो कोपरा खाली जातो, नाव तिरकी होते, पण त्याच बाजूचा दुसरा कप्पा तिला सावरून धरतो आणि वल्ही मारत काठ गाठता येतो. म्हणून निकष स्पष्ट ठेवावा: प्रत्येक बाजूला किमान दोन स्वतंत्र कप्पे आणि प्रत्येक कप्प्याला स्वतःचा व्हॉल्व्ह. विकत घेण्याआधी दुकानदाराला एक कप्पा मोकळा करायला सांगून शेजारचा घट्ट राहतो का, ते हाताने दाबून पाहावे. चाचणी पाच मिनिटांची आहे आणि तिला कुठलेही प्रमाणपत्र लागत नाही.

दुसरा निकष कापडाचा. ‘फुगवायची बोट’ या नावाखाली बाजारात दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक म्हणजे पोहण्याच्या तलावासाठी बनवलेले पातळ प्लास्टिकचे खेळणे, ज्यावर ‘हे जीवरक्षक साधन नाही’ असे बारीक अक्षरांत छापलेले असते. दुसरी म्हणजे पॉलिएस्टरच्या विणीवर पीव्हीसीचा जाड थर दिलेल्या कापडाची नाव. चित्रात दोन्ही सारख्याच दिसतात. हातात घेऊन पाहिले, की पहिलीत वीण नसते, ती ताणली की लांबते आणि फाटू लागली की फाटतच जाते. दुसरीत वीण असते, त्यामुळे भोक पडले तरी ते पसरत नाही. पीव्हीसीहून उन्हाला अधिक टिकणारे हायपॅलॉन नावाचे कृत्रिम रबरी कापडही उत्तम नावांना वापरले जात असे. ड्यूपाँट कंपनीने ते २०१० मध्ये बनवणे थांबवले, आता त्याच जातीचे कापड इतर उत्पादक बनवतात, पण ते बरेच महाग पडते. आपल्या मच्छीमाराला जाड पीव्हीसी पुरेसे आहे, मात्र नाव सावलीत ठेवली पाहिजे. तिसरा प्रकार म्हणजे बाहेर मजबूत कापडाची खोळ आणि आत वेगळा फुगा. खेड्यातल्या वापराला हा प्रकार सोयीचा, कारण खोळ काट्यांचा मार खाते आणि आतला फुगा चेन उघडून काढता, जोडता, बदलता येतो. दुरुस्तीचा मुद्दा किरकोळ समजू नये. आपल्याकडे कोपऱ्याकोपऱ्यावर पंक्चरवाला आहे, पण ट्यूब जोडायचे त्याचे रबराचे सोल्युशन पीव्हीसीला धरत नाही, त्याला पीव्हीसीचाच चिकट पदार्थ लागतो. नावेसोबत ठिगळे आणि तो डबा मिळत नसेल, तर ती नाव पहिल्या भोकापर्यंतच उपयोगाची.

उन्हाचा मुद्दा आपल्या हवामानात विशेष महत्त्वाचा आहे. चारचाकीच्या टायरमध्ये तीस-बत्तीस पौंड हवा भरतात, या पाँटूनमध्ये अडीच-तीन पौंडच भरायची असते. पहाटे २५ अंश तापमानात तीन पौंड दाबाने भरलेली नळी दुपारी काठावर पडून राहिली आणि आतली हवा ५५ अंशांपर्यंत तापली, तर दाब साडेचार पौंडांच्या पुढे जातो, म्हणजे दीडपटीहून जास्त. जोड उसवतात ते अशा वेळी. उलट दुपारी तापलेल्या काठावर कडक फुगवलेली नाव थंड पाण्यात उतरवली की ती ढिली पडते आणि मऊ नळ्या वाकून वल्ह्यांची ताकद वाया जाते. म्हणून दाबमापक असलेला हातपंप ही चैनीची वस्तू नव्हे, नावेचाच भाग आहे. पाण्यात उतरवून थोड्या वेळाने हवा पुन्हा तपासावी आणि काठावर काढल्यावर थोडी सोडावी. ही सवय लावायला आठवडा पुरतो.

तिसरा निकष सांगाड्याचा. दोन पाँटूनांना धरून ठेवणारी चौकट पोलादी असेल तर ती स्वस्त आणि मजबूत, पण जड आणि गंजणारी असते. ॲल्युमिनियमची चौकट हलकी असते, तिचे सांधे मात्र नीट पाहावे लागतात. चौकट नटबोल्टने सुटी होत असेल आणि तिचे कुठलेही तुकडे गावातल्या वेल्डिंगवाल्याला करता येत असतील, तर तो मोठाच गुण आहे. खरे तर चौकट स्थानिक पातळीवर बनवून फक्त पाँटून विकत घेणे हा गावांसाठी शहाणपणाचा मार्ग ठरू शकतो. पाँटूनांमधले अंतर जितके जास्त तितके स्थैर्य जास्त, पण एका माणसाला दोन्ही वल्ही सहज मारता येतील एवढेच ते असावे. वल्ही चौकटीवरच्या खिळीत अडकलेली हवीत, म्हणजे जाळे ओढताना दोन्ही हात मोकळे राहतात आणि वल्हे वाहून जात नाही. बैठक पाण्याच्या पातळीहून उंच असल्याने पाय कोरडे राहतात. जाळे बाजूने ओढताना गोल ट्यूब जशी झुकते तशी ही झुकत नाही. हातात काम असलेल्या माणसासाठी स्थैर्य म्हणजे आराम नव्हे. मासळी काढताना लक्ष पाण्याकडे नसते, मासळीकडे असते आणि तोल जातो तो नेमका त्याच क्षणी.

पण ही नाव काय करू शकत नाही, हे सांगितल्याशिवाय तिची शिफारस करणे अप्रामाणिकपणाचे होईल. ती संथ पाण्याची, एका माणसाची नाव आहे. नदीत उतरायचे असेल तर पावसाळा संपून पात्र शांत झाल्यावरच. आपल्या नद्यांवरचा मोठा शत्रू दिसायला निरुपद्रवी असतो: कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आणि ठेंगणे पूल. बंधाऱ्यावरून पाणी पडते तेव्हा पायथ्याशी ते उलटे फिरते आणि तरंगणारी वस्तू पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढते. या चक्रात हवेची नाव असो की फायबरची, सुटका अवघड असते. म्हणून बंधाऱ्याच्या वर आणि खाली भरपूर अंतर ठेवून नाव पाण्याबाहेर काढावी आणि काठाने वाहून न्यावी. ती हलकी असल्याने हे शक्यही होते. वाहत्या पाण्यात नांगर टाकणे आणखी धोक्याचे, कारण नांगर अडकला की प्रवाह नावेचे तोंड खाली दाबतो. नांगर टाकायचाच तर त्याची दोरी एका झटक्यात सुटेल अशी असावी आणि चाकू हाताशी असावा. वाऱ्यापुढे तर ही नाव ट्यूबसारखीच दुबळी आहे. २१ मे २०२४ रोजी कुगाव आणि कळाशीदरम्यान उजनीत वादळी वाऱ्यात नाव उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. मे महिन्यातल्या दुपारनंतरच्या वाऱ्याला कुठलीच लहान नाव पुरी पडत नाही. त्याला उत्तर एकच, त्या वेळी पाण्यावर नसणे.

तसेच ही नाव माणसे पार नेण्यासाठी नाही आणि पुरात बचावासाठीही नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला क्षमतेहून जास्त माणसे बसलेली नाव उलटली. त्यानंतर जवळजवळ पाच वर्षांनी, २३ मे २०२४ रोजी, अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरेत बुडालेल्यांचा शोध घेताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि तीन जवानांचा मृत्यू झाला. प्रशिक्षित माणसांनाही पाणी सवलत देत नाही, तिथे मासेमारीची एकट्याची नाव पुरात घालणे म्हणजे आणखी एक बळी देणे. गंगापूर तालुक्यातल्या भिव धानोऱ्याची मुले जायकवाडीच्या पाण्यातून थर्माकोलवर बसून शाळेला जात, याची दखल उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्वतःहून घेतली होती. त्या मुलांच्या प्रश्नाचे उत्तर पूल आणि रस्ता हे आहे, कोणतीही फुगवायची नाव नव्हे. प्रत्येक नावेचे काम ठरलेले असते. ते न ओळखता ‘गावाला एक बोट’ म्हणून सरसकट खरेदी केली, की एका कामाला चांगले असलेले साधन दुसऱ्या कामात घातक ठरते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप काट्यांचा. धरणाखाली गेलेल्या शेतांत, ओढ्यांत बाभळी उभ्या आहेत, चिलापीच्या आणि शिंगट्याच्या काट्यांची धार मच्छीमारांच्या हातांना ठाऊक आहे, मग हवेची नाव तिथे टिकणार कशी? आक्षेप खरा आहे, पण तो ट्यूबलाही तितकाच लागू आहे आणि तिथे एकच पोकळी आहे. पाँटूनमधला दाब टायरच्या दहाव्या हिश्शाएवढा असल्याने बारीक भोकातून हवा फटकन जात नाही, हळूहळू सुटते. काठ गाठायला वेळ मिळतो. तळाला जादा कापडाचा पट्टा असलेली नाव घेतली आणि मासळी उघड्यावर न टाकता पेटीत ठेवली, तर बहुतेक भोके टाळता येतात. जी उरतात त्यांच्यासाठी कप्पे आहेत.

दुसरा आक्षेप फायबरच्या नावेचा. सरकार मदत करणारच असेल, तर टिकाऊ फायबरची नाव का देऊ नये? जिथे दोघेतिघे मिळून मासेमारी करतात, काठ फारसा सरकत नाही, नाव ठेवायला धक्का किंवा राखण आहे, तिथे फायबरचीच नाव द्यावी. ती जास्त वर्षे टिकते आणि जास्त माल वाहते. माझा युक्तिवाद फायबरच्या विरोधात नाही, ट्यूबच्या विरोधात आहे. ज्या माणसाने फायबर परवडत नाही म्हणून नव्हे तर ती ओढवत नाही म्हणून ट्यूब निवडली, त्याला पुन्हा फायबरच देऊ करणे म्हणजे त्याचे म्हणणे न ऐकणे. तीस-पस्तीस किलोची, सुटी करून मोटरसायकलवरून नेता येणारी, रात्री ओसरीवर राहणारी नाव त्याच्या जगण्याशी जुळते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, पैशाचा. जुनी ट्यूब काही शे रुपयांत मिळते, कप्प्यांची चांगली नाव त्याच्या कितीतरी पट महाग आहे आणि हातावर पोट असलेला भोई, कोळी किंवा कहार ती स्वतःच्या खिशातून घेणार नाही. हे मान्यच केले पाहिजे. पण म्हणूनच हा व्यक्तीच्या निवडीचा प्रश्न न राहता धोरणाचा होतो. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत पारंपरिक मच्छीमारांना नाव आणि जाळ्यांसाठी साहाय्य आहे. या योजनेतील वैयक्तिक लाभाच्या बाबींत अनुदानाचे प्रमाण सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि अनुसूचित जाती-जमाती व महिलांना ६० टक्के आहे. २०२५ मध्ये राज्य सरकारने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. शेतकऱ्याला अवजारावर अनुदान मिळते, तसे मच्छीमाराला त्याच्या अवजारावर मिळावे, हा त्या दर्जाचा साधा अर्थ आहे. एककप्पी ट्यूब हे अवजार नव्हे, तो अवजाराचा अभाव आहे. जलाशयाचा ठेका घेणाऱ्या सहकारी संस्थांनी एकत्र खरेदी केली, पाँटून विकत आणि चौकट गावात अशी विभागणी केली आणि अनुदानाची जोड मिळाली, तर हप्त्याने फेडता येईल इतपत बोजा उरतो. त्याबदल्यात मच्छीमाराला पाय कोरडे ठेवून जास्त तास काम करता येते, जास्त जाळे आणि जास्त मासळी वाहता येते. खर्चाचा हिशेब मांडताना ही बाजूही मांडली पाहिजे.

यात मोठी मेख आहे, ती खरेदीच्या अटींची. सरकारी किंवा संस्थेच्या निविदेत ‘फुगवता येणारी बोट, इतके फूट लांब’ एवढेच लिहिले, तर सर्वांत कमी दराने सर्वांत पातळ प्लास्टिक येणार आणि दोन हंगामांत ते फाटल्यावर ‘ही योजनाच फसली’ असे म्हटले जाणार. म्हणून अटी नेमक्या हव्यात: प्रत्येक पाँटूनमध्ये किमान दोन स्वतंत्र कप्पे, विणीचे पीव्हीसी कापड किंवा खोळ आणि फुगा अशी रचना, नावेवर पुसला न जाणारा क्षमतेचा पट्टा, दाबमापक असलेला पंप, ठिगळे आणि योग्य चिकट पदार्थ. फुगवायच्या नावांसाठी आयएसओ ६१८५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, निविदेत त्याचा उल्लेख असावा. आणि खरेदी समितीत प्रत्यक्ष जाळे टाकणारा एक तरी माणूस असावा, ज्याच्यासमोर एक कप्पा रिकामा करून, वजन ठेवून, नाव पाण्यात तरंगवून दाखवली जाईल.

नावेसोबत जीवरक्षक जॅकेट आलेच पाहिजे, त्याशिवाय सगळा युक्तिवाद अपुरा आहे. पाण्यात माणसाचे शरीर जवळजवळ तरंगतच असते, त्याला वर ठेवायला थोडीच जादा शक्ती लागते. १०० न्यूटनचे, म्हणजे सुमारे दहा किलो वर उचलणारे जॅकेट संथ पाण्यात तोंड वर ठेवायला पुरते. मच्छीमार जॅकेट घालत नाहीत, अशी तक्रार अधिकारी करतात. पण वाटली जाणारी जाड, छातीशी फुगलेली जॅकेटे घालून जाळे ओढता येत नाही, हेही तितकेच खरे आहे. हात मोकळे ठेवणारी, कामाला अडथळा न करणारी जॅकेटे दिली, तर ती खुंटीवरून अंगावर येतील. पोहता येते म्हणून जॅकेट नको, असे म्हणणाऱ्याने आठवावे, की जाळ्यात पाय अडकलेल्या माणसाचे पोहणे त्याच्या कामी येत नाही.

आपल्या राज्यात देशातली सर्वाधिक मोठी धरणे आहेत, असा अभिमान आपण बाळगतो. त्या धरणांनी ज्यांची नदी आणि ज्यांचे काठ नेले, त्यांतल्या अनेकांनी याच पाण्यावर जाळे टाकून संसार उभे केले. ते आज ज्या ट्यूबवर बसतात ती रस्त्यावर निकामी ठरलेली आहे. ट्रकचे वजन पेलायला जी लायक राहिली नाही, तिच्यावर माणसाचा जीव सोपवला आहे. जगात अन्यत्र याच ट्यूबपासून निघालेले लोक सांगडीपर्यंत पोचले, कारण एक कप्पा फुटला तर काय, हा प्रश्न त्यांनी अपघाताच्या आधी विचारला. मत्स्यव्यवसाय विभागाने, सहकारी संस्थांनी आणि नाव घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने तोच प्रश्न खरेदीच्या पहिल्या ओळीत लिहावा. ज्या वस्तूकडे त्याचे उत्तर नाही, तिला नाव म्हणू नये.